कानटोपी आणि पाण्यातला गणपती

बेसबॉल मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला, फलंदाजाने चेंडू मारल्यावर बॅट जमिनीवर टाकून पळत सुटणं बघवत नाही. तरीही एक अख्खा हंगाम मी तोक्योजवळच्या एका स्टेडियममध्ये, त्याच त्या खुर्चीवर, डोक्यात तपकिरी लोकरीची कानटोपी घालून बसलो. एप्रिलमध्ये बसलो आणि ऑगस्टमध्येही बसलो. ज्यांनी तोक्योचा ऑगस्ट पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांनी मे महिन्यात चिपळूणला माकडटोपी घालून बघावी.

त्या संघाचं नाव लिहीत नाही. वर्षानुवर्षं तळाशी राहिलेला आणि त्या एकाच वर्षी वर आलेला संघ, एवढं पुरे. तो जसजसा वर चढत गेला, तसतसा मी अडकत गेलो.

मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही तिघं तोक्योतल्या निशी-कसाईत राहत होतो. मी एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघत होतो, बायको घरी होती, मुलगी तीन वर्षांची होती. त्यात किनाऱ्यावरची अणुभट्टी फुटली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या इमारतीतली निम्मी भारतीय घरं रिकामी झाली. कुठलं पाणी प्यायचं, दूध द्यायचं की नाही, पालक कुठल्या भागातून आलाय, याच्यावरच आमचं घर चालत होतं. रात्री हादरे बसत. मुलगी टेबलाखाली झोपायची. शेवटी बायको तिला घेऊन पुण्याला तिच्या आईकडे गेली. महिनाभर राहायचं आणि मग बघायचं, असं ठरलं होतं.

मी मागे राहिलो, कारण त्या दिवशी विमानाची दोनच तिकिटं मिळाली. यात शौर्य काडीचंही नव्हतं. पण सेक्शनमधले बाकीचे परदेशी निघून गेले होते, आणि सोमवारी आमच्या सेक्शनचे मुख्य, ज्यांना सगळे नाव न घेता नुसतं काचो म्हणत, माझ्या टेबलाशी आले. कमरेत वाकले आणि म्हणाले, "तुम्ही थांबलात." बस, एवढंच. पण ते त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं की तिकिटाचं खरं कारण माझ्या तोंडातून बाहेरच पडेना. त्या दिवसापासून मी ऑफिसात 'थांबलेला माणूस' झालो, आणि थांबलेल्या माणसाला निघता येत नाही.

महिन्याचे चार महिने झाले. मुलीला पुण्यात शाळेत घातलं, बायकोने नोकरी धरली, आणि बघता बघता दोन वर्षं गेली. आमच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस होतं. तिथे बदली मागितली होती, पण त्यावर काचोंचा शिक्का लागत होता आणि तो या ना त्या कारणाने लागत नव्हता. दर वेळी ते म्हणत, "जरा योग्य वेळ येऊ द्या." मी म्हणायचो, "हो, हो." बायको हे ऐकून फोनवर दात-ओठ खायची.

त्या वर्षाच्या सुरुवातीला ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडलो असतो. शांतपणे म्हणाली, "या दिवाळीला ये. कायमचा ये. जमणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी तिची तुझी वाट बघायची सवय मोडायला लागते. ती रोज संध्याकाळी लिफ्टचा आवाज ऐकत बसते, मला ते बघवत नाही."

मी म्हटलं, "येतो."

आता काचोंविषयी. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, अबोल माणूस. त्यांची बायको आणि दोन मुलं दूर पश्चिमेकडच्या एका गावात राहत होती. जपानमध्ये कंपनी माणसाची बदली करते तेव्हा पुष्कळदा तो एकटाच जातो. घराचं कर्ज, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, हे सगळं जागच्या जागी राहतं. याला तिकडे एक शब्दही आहे, आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. काचो असे एकटे राहायला लागून दहाएक वर्षं झाली होती. वर्षातून दोनदा ते घरी जात. माझं कुटुंब पुण्यात आहे हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा एकाच शाळेत शिकलेला माणूस भेटावा तसे ते समजुतीने हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली. माझं पुढचं सगळं आयुष्य समोर टाय लावून उभं आहे, असं वाटलं.

त्यांचा एकच शौक होता, तो म्हणजे हा हरणारा संघ. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे एक तिकीट उरलं आणि त्यांनी मला विचारलं. मला जायचं नव्हतं. पण समोरच्या माणसाने अदबीने विचारलं की नाही म्हणायची मला भीड पडते. हा आमच्या घरातला जुना रोग आहे. माझे वडील भीडेपोटी तीन ठिकाणी जेवून घरी यायचे आणि चौथ्यांदा आईच्या ताटावर बसायचे. मी म्हटलं, "हो, नक्की."

स्टेडियम उघडं होतं आणि वारा असा की दात वाजायला लागले. बायकोने जाताना माझ्या कपाटात एक तपकिरी कानटोपी ठेवली होती, ती मी कानाखाली ओढून बसलो. शाकाहारी माणसाला तिथे खायला मिळतं काय, तर उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. त्याच मी खात बसलो. संघ बरोबरीत होता, आणि बरोबरी झाली की तिथे जादा डाव खेळतात, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ डाव संपले. दहावा झाला. अकरावा झाला. माझे पाय बधिर झाले. शेवटी माझा जीव इतका मेटाकुटीला आला की मी डोळे मिटले, हात जोडले आणि मनात म्हटलं, देवा, कुणीही जिंको, पण हे संपव रे एकदा.

डोळे उघडले तर चेंडू आमच्या डोक्यांवरून मागच्या बाकांवर पडत होता. होमरन. सामना तिथल्या तिथे संपला. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. काचो मात्र मैदानाकडे बघतच नव्हते. ते माझ्या जोडलेल्या हातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या मंगळवारी. तीच खुर्ची घेतली आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "टोपी आणाल ना?"

तिथल्या लोकांना ही सवयच आहे. ज्या दिवशी जिंकलो त्या दिवशी जे केलं, ते पुढेही तसंच करायचं. तोच टाय, तीच खुर्ची, तेच खाणं. शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं हे हसत हसत करतात, पण करतात. सचिन खेळत असताना सोफ्यावरून हलायचं नाही, असा कायदा आमच्याही घरात होताच, त्यामुळे मला हसायला तोंड नव्हतं. फरक एवढाच, की इथे तो सोफा मी होतो.

मंगळवारी संघ जिंकला. त्यानंतरच्या शुक्रवारीही जिंकला. तिसऱ्यांदा हरला, तेव्हा मला वाटलं सुटलो. पण नाही. काचोंनी घरी जाताना गाडीत बराच विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही आठव्या डावात टॉयलेटला गेला होतात." झालं. आठव्या डावात उठायचं नाही, हा नियम झाला. पुढे एकदा हरले तेव्हा शेंगा तिसऱ्या डावाआधी संपल्या होत्या, असं निघालं. मग शेंगा पुरवून खायच्या, हाही नियम झाला. जिंकले की श्रेय माझ्या टोपीचं, आणि हरले की दोष माझ्या मूत्राशयाचा. असल्या हिशोबात मी खोटा पडणं शक्यच नव्हतं. दर पराभवानंतर खुर्ची आणखी घट्ट होत गेली.

जूनपर्यंत आजूबाजूचे नेहमीचे लोक मला बोशी-सान म्हणायला लागले, म्हणजे आपलं टोपीराव. पुढच्या रांगेतली एक म्हातारी जुलैपासून माझ्यासाठी बर्फाची थैली आणायची आणि टोपीच्या आत, मानेमागे सारून द्यायची. टोपी काढा, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. माझ्या कपाळावर घामोळं उठलं. ऑफिसात मी त्यावर पावडर लावून बसायचो. सामन्याच्या दिवशी चारच्या सुमाराला सगळा सेक्शन माझ्याकडे बघून मान लववायचा आणि माझं उरलेलं काम आपसात वाटून घ्यायचा. काही लोकांना वाटेल, काय मजा आहे. मजा नव्हती. मी दिवसभर ऑफिसात बांधलेला आणि संध्याकाळी स्टेडियममध्ये बांधलेला होतो. घरी पोचायचो तेव्हा पुण्यात मुलीची झोपायची वेळ झालेली असायची.

ती मला फोनच्या पडद्यावर बघायची. एकदा बोलता बोलता घर हललं. त्या दोन-तीन वर्षांत ते अधूनमधून व्हायचंच. मी फोन घट्ट धरला, म्हणजे तिला कळू नये. पण माझ्या मागचा दिवा झुलत होता. ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "बाबा, टेबलाखाली जा." मी गेलो. बाकीचं बोलणं आम्ही तसंच केलं.

जुलैत, तिकडचा पावसाळा संपता संपता मी धीर गोळा करून काचोंना बदलीचं विचारलं. ते म्हणाले, "हंगाम संपला की शिक्का मारतो. नक्की. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपला हंगाम संपतो." आणि जरा खंतावून म्हणाले, "आपला नेहमी तेव्हाच संपतो."

मला ते पटलं. तिथे फक्त वरचे तीन संघ पुढच्या फेरीत जातात, बाकीचे घरी. आमचा संघ तेव्हा चौथा होता, आणि इतक्या वर्षांत याच्या वर गेला नव्हता. दिवाळी नोव्हेंबरच्या तोंडावर होती. म्हणजे आठवडेच्या आठवडे हातात होते. मी बायकोला सांगितलं, बायकोने तिकीट काढलं, जाण्याचंच फक्त, येण्याचं नाही. मुलीला तिने सोपं करून सांगितलं, "बाबाच्या टीमच्या मॅचेस संपल्या की बाबा येणार."

मग मेले ते जिंकायलाच लागले.

सप्टेंबरमध्ये काय झालं ते मला खेळाच्या भाषेत सांगता येणार नाही. जो गोलंदाज पाचव्या डावात गळून जायचा तो नऊ-नऊ डाव टाकायला लागला. ज्यांना पळता येत नव्हतं ते पळायला लागले. एक म्हातारा बदली फलंदाज होता. म्हातारा म्हणजे चाळिशीचा, पण त्या खेळात तो म्हाताराच. पूर्ण संध्याकाळ तो बाकावर बसून राहायचा आणि शेवटी गळ्याशी आलं की त्याला एकदा मैदानात पाठवायचे. एकच संधी. तो माझा लाडका होता, कारण आम्ही दोघंही नुसते बसून असायचो. तिथे प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं आणि तो आला की अख्खा स्टँड उभा राहून ते गातो. त्याचं गाणं मला कधी पाठ झालं, कळलंच नाही.

संघ तिसरा आला. पुढच्या फेरीत गेला. तिथे जिंकला. मग त्याच्या पुढच्याही फेरीत जिंकला. आता राहिली शेवटची लढत, सात सामन्यांची. जो आधी चार जिंकेल तो देशाचा विजेता.

पुण्याहून मुलगी आता एकच प्रश्न विचारायची, "हरले का?"

"नाही गं."

"कधी हरणार?"

मागून सासूबाई म्हणायच्या, "अहो, आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलोय हो, आता तरी हरू दे तुमची ती टीम." त्या आपल्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. मुलीने ते नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी देवघरातला बोटाएवढा पितळी गणपती जागेवर नव्हता. तो स्टीलच्या वाटीत, गळ्यापर्यंत पाण्यात, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर होता. सासूबाईंनी काढायचा प्रयत्न केला तर घर डोक्यावर घेतलं. बायकोने मला हे हसत सांगितलं, पण सांगता सांगता फोनचा कॅमेरा स्वतःवरून हलवून वाटीकडे धरला.

त्या रात्री मला नीट दिसलं की मी कुठे बसलोय. इकडे एक माणूस माझ्या टोपीवर भरवसा ठेवून होता, तिकडे माझ्या मुलीने गणपतीला पाण्यात ठेवला होता, आणि दोघांच्या मागण्या एकमेकींच्या उलट होत्या. आणि मी? सामन्याच्या वेळी हात जोडायची वेळ आली की मी काय मागायचो? खरं सांगायचं तर ऑक्टोबरपासून मी जिंकायचंच मागत होतो. घरी जायचं होतं, रोज रडायला यायचं, आणि चेंडू उंच गेला की मी बाकीच्यांच्या आधी उभा असायचो. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

सहावा सामना आमच्या मैदानावर होता. हरलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं माझं विमान होतं, आणि शिक्का अजून लागला नव्हता. आठवा डाव आला आणि मी खुर्चीला चिकटून बसलो. शेवटच्या शेंगा शेवटच्या डावापर्यंत पुरवल्या. संघ जिंकला. तीन-तीन अशी बरोबरी. म्हणजे सातवा सामना होणार. तोही हवामानखात्याने दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस सांगितल्यामुळे एक दिवस पुढे ढकलल्याचं तिथेच जाहीर झालं.

स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत काचो माझ्या शेजारून चालत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "परवा. तीच खुर्ची."

आणि माझा तोल गेला. त्या देशात इतकी वर्षं राहून मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी भर रस्त्यात चढवला. "परवा मी इथे नाही. मला घरी जायचंय. मला माझ्या मुलीकडे जायचंय. मी तुमच्या गळ्यातला ताईत नाही! शिक्का मारा नाहीतर मारू नका, मी उद्या जाणार."

आजूबाजूचे लोक न थांबता, आमच्याकडे न बघता वळसा घालून पुढे गेले. काचो थांबले. मग म्हणाले, "तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

"तुम्ही विचारलंत, म्हणून हो म्हणालो."

"मी विचारलं, कारण..." ते अडखळले. "खोलीवर जाऊन एकट्याने जेवण्यापेक्षा तुम्हाला बरं वाटत असेल असं वाटलं. मला वाटतं तसं. टोपीचं आपलं निमित्त. तिकिटं मी हंगामाच्या आधीच घेतली होती. दोन खुर्च्यांची."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. रागाने भरलेल्या माणसाला समोरचा वाईट निघाला नाही की राग ठेवायचा कुठे ते कळत नाही. त्यांनी खूप खाली वाकून माफी मागितली. रस्त्याच्या मधोमध. मीही वाकलो. दोघंही वर यायला तयार नव्हतो. शेवटी मागून सायकलवाला घंटी वाजवायला लागला तेव्हा आम्ही सरळ झालो.

दुसऱ्या दिवशी पावसात ते विमानतळाच्या गाडीपर्यंत आले. रात्रीच ऑफिसात जाऊन कागद शिक्का मारून पाठवले, असं त्यांनी सांगितलं. घर आवरायचं काम मी शेजारच्या मराठी जोडप्यावर सोपवलं होतं, त्यामुळे परत यायचं कारण उरलं नव्हतं. गाडी सुटायला आली तेव्हा ते छत्रीखालून म्हणाले, "एक विचारू का? नाही म्हटलंत तरी चालेल." मी ओळखलं. बॅगेतून कानटोपी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

पुण्यात पोचलो तेव्हा मुलगी झोपली होती. सकाळी उठून ती दारात आली, माझ्याकडे बघितलं, आणि दाताला ब्रश लावून निघून गेली. मी म्हटलं, लाजतेय. धनत्रयोदशी होती. घरात अनारशांचा वास, बायको आकाशकंदील लावत होती, आणि मी पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेवर बसलो होतो.

सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, आला ना बाबा? काढ आता त्या देवाला पाण्यातून. गारठला असेल."

"अजून एक मॅच आहे," ती म्हणाली. "जिंकले तर परत बोलावतील."

मी म्हटलं, "नाही बोलावणार राणी, मी कायमचा आलोय."

ती म्हणाली, "मॅचेस संपल्या की येतो, असं पण तू म्हणाला होतास." मग तिने ती वाटी दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता आणली आणि टेबलावर ठेवली. "आपण बघू या. हरले की काढीन."

ऑफिसातल्या एकाने सामन्याची लिंक पाठवली होती. दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. ती, मी आणि मध्ये वाटीतला गणपती. चित्र सारखं अडकायचं. हलायला लागलं की कुणीतरी भलतीकडेच पळत असायचं. मी तिला खेळ समजावून सांगितला. जिथून निघालो तिथे, त्या जागेला ते घरच म्हणतात, परत आलं तरच धाव धरतात, मध्ये कितीही पळालं तरी उपयोग नाही. तिला ते लगेच पटलं. विरुद्ध संघाने धाव काढली की ती टाळ्या वाजवायची, आणि मी मांडीखाली हात दाबून बसायचो.

शेवटचा डाव आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. आमचा संघ एका धावेने मागे होता. दोन गडी बाद, एक माणूस तिसऱ्या बेसवर, म्हणजे वाटेतल्या शेवटच्या थांब्यावर. तिथून घर अगदी हाकेच्या अंतरावर. आणि बाकावरून तो म्हातारा बदली फलंदाज उठला. स्टँड उभा राहिला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि क्षणभर मला दिसले काचो. डोक्यात माझी कानटोपी, तीही उलटी, भुवयांपर्यंत ओढलेली. हात जोडलेले, हुबेहूब माझ्यासारखे. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तिथे शेंगांची वाटी ठेवली होती.

"आपली टोपी!" मुलगी ओरडली.

गाणं सुरू झालं. मी कधी उभा राहिलो मला ठाऊक नाही. मी जपानीत गात होतो, मोठ्याने, सासूबाईंच्या दिवाणखान्यात. बायको हातात पणत्यांचं तबक घेऊन दारात थबकली. माझे हात जोडलेले होते. मुलगी त्या हातांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू कुणाकडून आहेस?"

चित्र अडकलं. चेंडू हवेत, बॅट फिरलेली, आणि वर तो गोल गोल फिरणारा ठिपका. बाहेर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. चित्र हललं तेव्हा समोरचा संघ एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होता. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू अजून तिथेच होता. डोक्यावरचं हेल्मेट काढून तो घराच्या दिशेने बघत उभा होता.

"हरले?"

"हरले," मी म्हटलं.

तिने गणपती बाहेर काढला, फ्रॉकने पुसला, सोंडेतलं पाणी झटकलं आणि आत जाऊन देवघरात ठेवून आली. मग, आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या मांडीवर येऊन बसली. मी रडायला लागलो. बायकोला वाटलं घरी आल्याच्या आनंदाने रडतोय, आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तसंही होतं. पण हरलो म्हणूनही रडत होतो, आणि ते मला त्या दिवशी कुणाला सांगता आलं नसतं. मग बायको दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवायला गेली.

लॅपटॉप बंद करायचा राहून गेला होता. पडद्यावर लोक खाली वाकून आपापल्या खुर्च्यांखालचा कचरा पिशव्यांमध्ये भरत होते. काचो कुठे दिसले नाहीत, पण ते काय करत असतील ते मला माहीत होतं. शेंगांची सालं एका पिशवीत, प्लास्टिक दुसऱ्या पिशवीत, टोपीची घडी करून बॅगेत. मग दोन गाड्या बदलून खोलीवर.

"ते टोपीवाले आजोबा आता घरी जाणार?" मुलीने विचारलं.

"त्यांचं घर लांब आहे. ते तिथे एकटेच राहतात."

"खूप दिवस?"

"तू जन्मलीस त्याच्याही आधीपासून."

"मग त्यांच्यासाठी कुणी देव पाण्यात ठेवला नाही?"

"नाही गं. कुणीच नाही ठेवला."

तिने मान वळवून देवघराकडे बघितलं, आणि माझा शर्ट मुठीत घट्ट धरून म्हणाली, "आपला नको हं, बाबा. तो आत्ताच कोरडा झालाय."